घटक ६ : जमिनीचे ते जमिनीला – साखर उद्योगातील उपपदार्थ आणि जैव-अर्थव्यवस्था

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• ‘मुख्य उत्पादन’, ‘उपपदार्थ’ आणि ‘टाकाऊ पदार्थ’ या संकल्पनांतील फरक सांगता येईल.
• एक टन ऊस गाळल्यावर काय काय निघते, याचा हिशेब मांडता येईल.
• बगॅस, मळी, स्पेंटवॉश, प्रेसमड आणि पाचट यांचा उपयोग कसा होतो, हे स्पष्ट करता येईल.
• ‘कचऱ्यातून संपत्ती’ अशा स्वरूपाच्या कोणत्याही दाव्याची चिकित्सा करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, वनस्पती, प्राणी आणि सूक्ष्मजीव यांच्यापासून मिळणाऱ्या पदार्थांवर उभ्या असलेल्या अर्थव्यवहाराला ‘जैव-अर्थव्यवस्था’ असे म्हणतात. दगडी कोळसा व खनिज तेल एकदा संपले की पुन्हा तयार होण्यास कोट्यवधी वर्षे लागतात. पीक मात्र दरवर्षी नव्याने उगवते. त्यामुळे पिकांपासून, आणि विशेषतः पिकांच्या उरलेल्या भागांपासून इंधन, खत, कागद व इतर वस्तू तयार कराव्यात, हा विचार जगभर बळावत आहे. भारत सरकारने २०१८ मध्ये राष्ट्रीय जैवइंधन धोरण आणि २०२४ मध्ये ‘बायो-ई-३’ धोरण स्वीकारले, त्यामागेही हाच विचार आहे.

हा विषय समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ऊस असेल. काही जण कारखान्यात नोकरी करत असतील. काहींनी ऊसतोडीच्या टोळीबरोबर हंगाम काढला असेल. शहरात राहणाऱ्यांनीही रसवंतीच्या चरकामागे साठलेला चोथ्याचा ढीग पाहिलेलाच असतो. अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. तेव्हापासून साखर कारखाना हा ग्रामीण महाराष्ट्राच्या अर्थकारणाचा एक मोठा आधार राहिला आहे. म्हणून या घटकात आपण साखर कारखाना हेच उदाहरण घेणार आहोत आणि त्यातून एक सर्वसाधारण प्रश्न तपासणार आहोत : टाकाऊ वस्तूपासून उपयुक्त वस्तू तयार झाली, असे आपण नेमके केव्हा म्हणू शकतो?

६.२ विषय-विवेचन

६.२.१ ‘टाकाऊ’ म्हणजे काय?

‘टाकाऊ’ हा शब्द आपण एखाद्या वस्तूचा गुणधर्म असल्याप्रमाणे वापरतो. वस्तुतः तो वस्तूचा गुणधर्म नाही. वस्तू कोठे आहे, किती आहे आणि तिचे काय करावे हे आपल्याला ठाऊक आहे की नाही, यांवर तो अवलंबून असतो.

गुऱ्हाळाचे उदाहरण घ्या. चरकातून निघालेली चिपाडे वाळवून गुऱ्हाळाच्या चुलीत घालतात आणि त्यांच्याच आचेवर काहिलीतील रस आटतो. उकळत्या रसावर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकतात. ती आणि चुलीतील राख उकिरड्यावर व पुढे शेतात जाते. उसाचे वाढे जनावरांच्या पुढ्यात पडतात. येथे टाकून द्यावे असे फारसे काही उरतच नाही, कारण ऊस आसपासच्या शेतांतून येतो आणि उरलेले पदार्थ त्याच शेतांत सहज परत जातात.

कारखान्याचे तसे नाही. तो दिवसाला हजारो टन ऊस गाळतो आणि हा ऊस दूरदूरच्या गावांतून येतो. शेकडो शेतांत विखुरलेले द्रव्य एका आवारात गोळा होते. जे पदार्थ शेतात पसरले असते तर खत ठरले असते, तेच एका ठिकाणी साचले की प्रदूषण ठरतात. म्हणजेच कचरा निर्माण होण्याचे एक प्रमुख कारण पदार्थाचे स्वरूप हे नसून त्याचे साचणे हे आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा; पुढील विवेचनात तो वारंवार येणार आहे.

६.२.२ एका टन उसाचा हिशेब

एक टन, म्हणजे १,००० किलो ऊस गाळला असता साधारणपणे पुढील पदार्थ मिळतात :

• साखर : सुमारे १०० ते ११५ किलो
• बगॅस (रस काढून उरलेला चोथा, यात जवळजवळ निम्मे पाणी असते) : सुमारे २८० ते ३०० किलो
• मळी (साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणारा दाट, काळपट द्रव) : सुमारे ४० ते ४५ किलो
• प्रेसमड (रस शुद्ध करताना निघणारा गाळ) : सुमारे ३० ते ४० किलो

उरलेले वजन मुख्यतः पाण्याचे असते. उसात सुमारे ७० टक्के पाणीच असते. रस आटवताना त्याची वाफ होते. ती थंड करून पुन्हा पाणी मिळवता येते आणि ते कारखान्यातच वापरता येते.

येथे एक शब्दविषयक खुलासा आवश्यक आहे. बोलीत ‘मळी’ हा शब्द तीन अर्थांनी येतो : गुळाच्या काहिलीवरील घाण, कारखान्यातील गाळ आणि काळा द्रव. या घटकात ‘मळी’ हा शब्द केवळ काळ्या द्रवासाठी आणि ‘प्रेसमड’ हा शब्द गाळासाठी वापरला आहे.

आता या हिशेबाकडे दुसऱ्या बाजूने पाहू. उसाने हे सर्व कोठून मिळवले? साखर ही कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या केवळ तीन मूलद्रव्यांची बनलेली असते. उसाच्या पानांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ती तयार केलेली असते. म्हणजे पोत्यात भरून बाजारात जाणारी शुद्ध साखर ही हवा आणि पाणी यांचे रूपांतर आहे. तिच्यातून जमिनीतील खनिज द्रव्ये जवळजवळ जात नाहीत. साखरेपासून तयार होणाऱ्या इथेनॉलमध्येही हीच तीन मूलद्रव्ये असतात.

मग उसाने जमिनीतून शोषलेले पालाश, स्फुरद, चुना, सिलिका हे सारे जाते कोठे? ते जाते मळीत, प्रेसमडमध्ये, बगॅसच्या राखेत आणि शेतात पडलेल्या पाचटात. आपण ज्याला विकण्याजोगे म्हणतो ते हवेतून आणि पाण्यातून आलेले असते. आणि ज्याला कचरा म्हणतो त्यात जमिनीचे देणे असते. या घटकाचे शीर्षक या वस्तुस्थितीवरून दिले आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) गुऱ्हाळात कचऱ्याचा प्रश्न निर्माण होत नाही, कारखान्यात होतो. याचे मुख्य कारण कोणते?
(आ) साखर विकल्याने जमिनीतील खनिज द्रव्ये फारशी कमी होत नाहीत, असे का म्हटले आहे?

६.२.३ बगॅस : इंधन की कच्चा माल?

साखर कारखाना आपले इंधन आपणच निर्माण करतो. बगॅस बॉयलरमध्ये जाळून वाफ तयार करतात. एक टन बगॅसपासून दोन टनांहून थोडी अधिक वाफ मिळते. ही वाफ प्रथम टर्बाइन फिरवून वीज देते आणि नंतर रस आटवण्याच्या कामी येते. एकाच वाफेपासून वीज व उष्णता दोन्ही मिळवण्याच्या या पद्धतीला ‘सहवीजनिर्मिती’ म्हणतात. अधिक दाबाचे बॉयलर बसवले की कारखान्याची गरज भागून उरलेली वीज बाहेर विकता येते.

बगॅस जाळल्याने निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. म्हणून कोळशाच्या तुलनेत हे इंधन हवामानाच्या दृष्टीने बरे मानले जाते. त्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. धूर नीट गाळला नाही तर राखेचे कण व काजळी आसपासच्या घरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि पिकांवर बसते. कारखान्याच्या परिसरातील रहिवाशांना याचा अनुभव असतो.

परंतु बगॅस म्हणजे केवळ सरपण नव्हे. तिच्या कोरड्या भागात सुमारे ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, २५ ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि २० ते २५ टक्के लिग्निन असते. सेल्युलोजच्या तंतूंपासून कागद तयार होतो. तमिळनाडूत करूरजवळ कागितपुरम येथे राज्य सरकारने स्थापन केलेला कागद कारखाना प्रामुख्याने बगॅसवर चालावा म्हणूनच उभारला गेला. साखर कारखान्याने बगॅस दिली तर त्याचे बॉयलर कशावर चालणार, हा प्रश्न तेथे उभा राहिला. त्यावर बगॅसच्या बदल्यात साखर कारखान्याला वाफ किंवा इंधन पुरवण्याची व्यवस्था करण्यात आली. या उदाहरणातून दोन गोष्टी शिकता येतात. पहिली, उपपदार्थ फुकट नसतो. तो आधीच कोणते तरी काम करत असतो. दुसरी, त्याचा नवा उपयोग करायचा तर जुन्या कामाची पर्यायी सोय करावी लागते.

बगॅसपासून पत्रावळी, वाट्या, फळ्या तयार होतात. तिच्यापासून इथेनॉलही करता येते. पण ते मळीपासून करण्याइतके सोपे नाही. सेल्युलोज म्हणजे शर्करेच्या रेणूंची लांब साखळी असते आणि तिच्याभोवती लिग्निनचे कवच असते. प्रथम उष्णता, दाब किंवा आम्ल यांच्या साहाय्याने हे कवच सैल करावे लागते, मग विकरांच्या साहाय्याने साखळी तोडावी लागते आणि त्यानंतरच किण्वन करता येते. हेमिसेल्युलोजपासून मिळणारी झायलोज ही शर्करा तर नेहमीच्या यीस्टला आंबवता येत नाही. म्हणून हे तंत्र खर्चिक ठरते. याला ‘दुसऱ्या पिढीचे इथेनॉल’ म्हणतात. हरियाणात पानिपत येथे इंडियन ऑइलच्या अशा प्रकल्पाचे उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लीटर इथेनॉल मिळवावे, अशी त्याची योजना आहे.

६.२.४ मळी आणि इथेनॉल

मळीत स्फटिकरूपाने न निघालेली साखर मोठ्या प्रमाणावर शिल्लक असते. मळी पाण्याने पातळ करून त्यात यीस्ट मिसळले की ही साखर आंबते. तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनते. नंतर ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वेगळे करतात आणि उरलेले पाणी काढून टाकल्यावर पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे इथेनॉल मिळते. किण्वनाच्या वेळी इथेनॉलच्या जवळजवळ बरोबरीच्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो. काही आसवन्या तो गोळा करून शीतपेये व शुष्क बर्फ यांसाठी विकतात.

साखर शक्य तितकी काढून घेतल्यावर उरलेल्या मळीला ‘सी-हेवी’ म्हणतात. तिच्या एका टनापासून सुमारे २२५ लीटर इथेनॉल मिळते. साखरेचा शेवटचा स्फटिकीकरणाचा टप्पा गाळून आधीच बाजूला काढलेली मळी ‘बी-हेवी’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात साखर अधिक असल्याने एका टनापासून सुमारे ३०० लीटर इथेनॉल मिळते. काही कारखाने तर साखर न करता थेट रसापासूनच इथेनॉल तयार करतात.

या तीन प्रकारांकडे नीट पाहिल्यास एक महत्त्वाचा फरक दिसतो. सी-हेवी मळी हा खऱ्या अर्थाने उपपदार्थ आहे. साखर करायची तर ती निघणारच. बी-हेवी मळीत साखर जाणूनबुजून सोडलेली असते. आणि रसापासून इथेनॉल केले तर तेथे उपपदार्थाचा प्रश्नच उरत नाही. ऊस हेच इंधनासाठी घेतलेले पीक होते. तिन्ही टाक्यांत तयार होणारे इथेनॉल एकसारखेच असते. त्यामागचे गणित मात्र भिन्न असते.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम भारतात २००३ साली सुरू झाला. २०२२ मध्ये १० टक्के मिश्रणाचे आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले. या वाटचालीत डिसेंबर २०२३ मध्ये देशातील साखर कमी पडेल या चिंतेने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. पुढील वर्षी ते मागे घेतले. रसाचा उपयोग अन्नासाठी करावा की इंधनासाठी, हा प्रश्न त्या वेळी प्रत्यक्ष उभा राहिला. केवळ सी-हेवी मळीवर अवलंबून असते तर अशी ओढाताण झाली नसती. शिवाय ऊस हे पाण्यावर मोठी भिस्त असलेले पीक आहे. त्यासाठी दुष्काळी भागातील पाणी खर्ची पडत असेल, तर अशा इथेनॉलला ‘कचऱ्यातून मिळालेले इंधन’ म्हणणे योग्य ठरणार नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) सहवीजनिर्मिती म्हणजे काय?
(आ) सी-हेवी मळीपासूनचे इथेनॉल आणि थेट रसापासूनचे इथेनॉल यांत कोणता मूलभूत फरक आहे?

६.२.५ स्पेंटवॉश : उपपदार्थाचा उपपदार्थ

मळीपासून इथेनॉल काढले म्हणजे मळी संपली, असे होत नाही. ऊर्ध्वपातनानंतर जे तपकिरी, दुर्गंधीयुक्त पाणी उरते त्याला ‘स्पेंटवॉश’ म्हणतात. वर्तमानपत्रांत ‘मळीमिश्रित पाणी’ या नावाने त्याचा उल्लेख येतो. पारंपरिक पद्धतीत एक लीटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लीटर स्पेंटवॉश निघतो. एका टन उसाच्या मळीपासून सुमारे १० लीटर इथेनॉल मिळते असे धरले, तर त्यामागे ८० ते १५० लीटर स्पेंटवॉश तयार होतो. म्हणजे एक उपपदार्थ वापरताना आकारमानाने कितीतरी मोठा दुसरा पदार्थ आपल्या हाती येतो.

पाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवण्यासाठी सूक्ष्मजीवांना किती ऑक्सिजन लागतो, यावरून सांडपाण्याची तीव्रता मोजतात. या मापाला ‘जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी’ असे नाव आहे. घरगुती सांडपाण्यात ती लीटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. स्पेंटवॉशमध्ये ती सर्वसाधारणपणे ४० ते ५० हजार मिलिग्रॅम असते. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यासाठीची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. असे पाणी ओढ्यात शिरले की सूक्ष्मजीव ते कुजवण्यासाठी पाण्यातील सर्व ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरून मरतात. जमिनीत मुरले तर विहिरींचे पाणी लाल, खारट व निरुपयोगी होते.

यावर टप्प्याटप्प्याने उपाय योजले जातात. पहिल्या टप्प्यात स्पेंटवॉश हवाबंद टाकीत ठेवून ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जीवाणूंकडून कुजवला जातो. त्यातून बायोगॅस मिळतो. गोबरगॅसचेच हे मोठे रूप होय. यामुळे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी ८५ ते ९० टक्क्यांनी कमी होते. तरीही उरलेले पाणी सोडण्याजोगे नसते. त्याचा गडद रंग आणि त्यातील क्षार तसेच राहतात. म्हणून दुसऱ्या टप्प्यात ते प्रेसमडवर फवारून कंपोस्ट करतात, किंवा आटवून दाट झालेला द्रव विशेष बॉयलरमध्ये जाळतात. आसवनीच्या आवाराबाहेर सांडपाण्याचा थेंबही जाता कामा नये, या तत्त्वाला ‘शून्य द्रव विसर्ग’ म्हणतात आणि आसवन्यांना ते बंधनकारक आहे.

आता ६.२.२ मधील हिशेब आठवा. उसाने शेतातून उचललेल्या पालाशाचा मोठा वाटा मळीत आणि मळीतून स्पेंटवॉशमध्ये येतो. स्पेंटवॉश जाळल्यावर तो राखेत उरतो. या राखेपासून पालाशयुक्त खत तयार करता येते आणि केंद्र सरकारने अशा ‘मळीजन्य पालाशा’चा समावेश अनुदानित खतांमध्ये केला आहे. आपला देश पालाशयुक्त खतांसाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या राखेचे मोल कळते. एकीकडे शेतकरी परदेशातून आलेले पालाश विकत घेतो आणि दुसरीकडे त्याच्याच शेतातील पालाश ओढ्याचे पाणी नासवते, ही विसंगती दूर करणे हे या उद्योगापुढील महत्त्वाचे काम आहे.

६.२.६ प्रेसमड आणि पाचट

रस शुद्ध करताना त्यात चुना मिसळतात. रसातील मातीचे कण, मेण, प्रथिने व स्फुरदाची संयुगे त्यामुळे खाली बसतात. हाच गाळ गाळून घेतला की प्रेसमड मिळतो. त्यात सेंद्रिय द्रव्य, स्फुरद व चुना असतो. तो ताजा असतानाच शेतात टाकला तर कुजताना तापतो व पिकाला अपाय करू शकतो. म्हणून त्याचे आधी कंपोस्ट करणे हितावह असते. अलीकडे प्रेसमडपासून बायोगॅस काढून, तो शुद्ध करून व दाबाखाली भरून वाहनांसाठी वापरण्याचे प्रकल्पही उभे राहत आहेत. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बायोगॅस काढून घेतल्यावरही प्रेसमडमधील स्फुरद व बराचसा नत्र उरलेल्या गाळात कायम राहतो. म्हणजे गॅसही मिळतो आणि खतही परत देता येते. मात्र तो गाळ खरोखर शेतापर्यंत पोहोचला पाहिजे.

पाचटाची गोष्ट याहून साधी आहे आणि ती प्रत्येक ऊस उत्पादकाच्या हातातील आहे. तोडणीनंतर एका हेक्टरात साधारणपणे ८ ते १० टन पाचट राहते. अनेक शेतकरी ते पेटवून देतात. रान लवकर मोकळे होते, मशागत सोपी होते. पण त्या जाळात पाचटातील नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो आणि जमिनीच्या वरच्या थरातील जीवाणूंनाही धग लागते. त्याऐवजी खोडव्यात पाचट सरीत दाबून ठेवले तर ओलावा टिकतो, तण कमी उगवते आणि पाचट हळूहळू कुजून जमिनीत मिसळते. त्यावर थोडा युरिया टाकण्याची शिफारस केली जाते, त्याचेही कारण समजून घ्या. पाचटात कर्ब पुष्कळ आणि नत्र फार थोडा असतो. कुजवणाऱ्या जीवाणूंना वाढीसाठी नत्र लागतो. तो पाचटातून मिळाला नाही तर ते जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि पीक काही काळ पिवळे पडते.

पाचटाचे दुसरेही उपयोग आहेत. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘आरती’ने, आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवण्याचे तंत्र विकसित केले. या कामासाठी संस्थेला २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. जे पाचट शेतात नुसतेच जाळले जाणार होते, त्यापासून घरातील चुलीला कमी धुराचे इंधन मिळणे हा निश्चितच लाभ आहे. परंतु जे पाचट जमिनीत मुरवले जाणार होते, तेच कोळशासाठी उचलले तर तो लाभ म्हणता येईल का? येथे उत्तर बदलते. एकाच वस्तूचा एकच उपयोग एके ठिकाणी हिताचा, तर दुसरीकडे तोट्याचा ठरू शकतो.

६.२.७ उपपदार्थाचे मूल्य कोणाचे?

वस्तू टाकाऊ असते तोवर तिच्या मालकीबद्दल कोणी विचारत नाही. तिला किंमत आली की प्रश्न उभा राहतो. शेतकरी कारखान्याला ऊस देतो तेव्हा तो साखर, बगॅस, मळी, प्रेसमड हे सारेच देत असतो. मग दर ठरवताना केवळ साखरेचा विचार करणे न्याय्य होईल का?

केंद्र सरकार उसासाठी ‘रास्त व किफायतशीर दर’, म्हणजे एफआरपी, ठरवते. ही पद्धत २००९ पासून लागू आहे आणि तो ठरवताना उपपदार्थांपासून मिळणारे उत्पन्नही विचारात घ्यावे, असे अपेक्षित आहे. २०१२ मध्ये सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शिफारस केली की, साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या मिळून मूल्यातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला मिळावा. महाराष्ट्राने २०१३ मध्ये उसाच्या दराबाबत स्वतंत्र कायदा केला.

तरीही एक वाद शिल्लक आहे. या हिशेबात मळीची किंमत धरली जाते. पण मळीपासून केलेल्या इथेनॉलचे वाढीव मूल्य कसे धरायचे? बगॅसची किंमत धरली जाते. पण तिच्यापासून केलेल्या विजेचे काय? कारखाने म्हणतात, या प्रकल्पांची गुंतवणूक आणि जोखीम आमची आहे. शेतकरी संघटना म्हणतात, कच्चा माल आमचा आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. या चर्चेत ऊसतोड कामगाराचा उल्लेख क्वचितच होतो. कामगार तोडणीनंतर उरलेल्या वाढ्यांच्या पेंढ्या बांधतात. काही आपल्या बैलांना घालतात, काही विकून चार पैसे मिळवतात. ‘टाकाऊ’ वाढ्यांवर उभे असलेले हे छोटेसे अर्थकारण आहे. तोडणी यंत्राने केली की वाढ्यांचे तुकडे होऊन ते शेतातच पडतात. जमिनीला सेंद्रिय द्रव्य मिळते, पण पेंढी जाते. टाकाऊतून मूल्य निर्माण करणारी प्रत्येक योजना आधीपासून त्या वस्तूवर जगणाऱ्या कोणाला तरी स्पर्श करते, हे विसरता कामा नये.

६.२.८ तीन कसोट्या

आतापर्यंतच्या विवेचनातून कोणत्याही ‘कचऱ्यातून संपत्ती’ योजनेला लावता येतील अशा तीन कसोट्या हाती येतात.

पहिली कसोटी – ही वस्तू आधी काय करत होती? ती खरोखर वाया जात होती, की इंधन, चारा किंवा खत म्हणून कामाला येत होती? तिच्यासाठी मुद्दाम पीक तर घेतले जात नाही ना?

दुसरी कसोटी – उपयोग केल्यानंतर काय उरते आणि ते कोठे जाते? जमिनीतून आलेली द्रव्ये जमिनीकडे परततात की ओढ्यात, हवेत किंवा ढिगाऱ्यात अडकतात?

तिसरी कसोटी – लाभ कोणाला आणि त्रास कोणाला? उत्पन्न एका गावाला आणि दुर्गंधी दुसऱ्या गावाला, अशी विभागणी तर होत नाही ना?

या कसोट्या साखर उद्योगापुरत्या मर्यादित नाहीत. शहरातील विद्यार्थ्यांनी त्या स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याला लावून पाहाव्यात. ‘आरती’नेच खरकट्या अन्नावर चालणारे घरगुती बायोगॅस संयंत्र तयार केले आणि त्यासाठी २००६ मध्ये तिला पुन्हा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शिळा भात, पिठाचा कोंडा, फळांच्या साली यांत पिष्ट व शर्करा असल्याने शेणापेक्षा कमी पदार्थात व कमी वेळात गॅस मिळतो. पण शिळी भाकरी गायीला घालणाऱ्या घरात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवावा लागेल. पहिली कसोटी नेमके हेच सांगते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – ३
(अ) बायोगॅस काढल्यानंतरही स्पेंटवॉश नदीत का सोडता येत नाही?
(आ) पाचट कुजवताना युरिया का टाकतात?

६.३ सारांश

वस्तू जात्या टाकाऊ नसते; ती चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या प्रमाणात साचली की कचरा ठरते. एका टन उसापासून साखरेबरोबरच बगॅस, मळी व प्रेसमड मिळतात आणि शेतात पाचट राहते. बगॅसपासून वीज, कागद व इथेनॉल, मळीपासून इथेनॉल, स्पेंटवॉशपासून बायोगॅस व पालाश, प्रेसमडपासून गॅस व खत मिळते. साखर व इथेनॉल हे हवा आणि पाणी यांपासून बनतात, तर जमिनीची खनिजे उपपदार्थांत उरतात. म्हणून उपपदार्थांच्या प्रत्येक उपयोगाचा शेवट जमिनीपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. ऊर्जा काढून घ्यावी, परंतु खनिजे परत करावीत, हे टिकाऊ जैव-अर्थव्यवस्थेचे सूत्र होय. त्याबरोबरच उपपदार्थाच्या मूल्यात उत्पादक व श्रमिक यांचा न्याय्य वाटा असणे हीही टिकाऊपणाचीच अट आहे.

६.४ पारिभाषिक शब्द

उपपदार्थ : मुख्य वस्तू तयार करताना अपरिहार्यपणे निघणारा, उपयोगात आणता येण्याजोगा पदार्थ.
किण्वन : सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने पदार्थ आंबवण्याची क्रिया.
ऊर्ध्वपातन : द्रव उकळून, वाफ थंड करून त्याचे घटक वेगळे करण्याची क्रिया.
आसवनी : अल्कोहोल तयार करणारा कारखाना.
विकर : सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन.
पालाश, स्फुरद, नत्र : अनुक्रमे पोटॅशियम, फॉस्फरस व नायट्रोजन या पोषकद्रव्यांची शेतीतील नावे.
खोडवा : ऊस तोडल्यानंतर त्याच खोडांपासून घेतलेले पुढील पीक.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) कारखान्यात दूरदूरच्या शेतांतील द्रव्य एका ठिकाणी मोठ्या प्रमाणावर साचते व ते शेतांत सहज परत जात नाही. (आ) साखर हवेतील कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून बनते. तिच्यात केवळ कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन असतात.
प्रश्न २ : (अ) एकाच वाफेपासून वीज व उष्णता दोन्ही मिळवण्याची पद्धत. (आ) सी-हेवी मळी साखर करताना अपरिहार्यपणे उरते. रसापासून इथेनॉल करताना मात्र ऊस इंधनासाठीच वापरला जातो.
प्रश्न ३ : (अ) त्याचा गडद रंग व क्षार कायम राहतात आणि ऑक्सिजनची मागणीही मर्यादेहून पुष्कळ अधिक असते. (आ) कुजवणाऱ्या जीवाणूंना लागणारा नत्र पुरवण्यासाठी, म्हणजे ते जमिनीतील नत्र ओढून घेत नाहीत.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘आपण ज्याला कचरा म्हणतो त्यात जमिनीचे देणे असते.’ साखर उद्योगाच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.
२. बगॅसच्या विविध उपयोगांची तुलना करून कोणता उपयोग कोणत्या परिस्थितीत योग्य ठरेल, ते सांगा.
३. उपपदार्थांच्या मूल्यातील वाट्याबाबत कारखाने आणि शेतकरी यांच्या भूमिका मांडा व स्वतःचे मत सकारण नोंदवा.

क्षेत्रीय कार्य : पुढीलपैकी एक काम करा. (अ) तुमच्या भागातील तीन ऊस उत्पादकांना भेटून ते पाचटाचे काय करतात व का, हे विचारा; जाळण्यामागील अडचणी त्यांच्याच शब्दांत नोंदवा. (आ) स्वतःच्या घरातील ओला कचरा सात दिवस रोज वजन करून लिहून ठेवा आणि तो घराबाहेर पडल्यावर कोठे जातो, याचा शेवटच्या ठिकाणापर्यंत माग काढा. मिळालेली माहिती तीन कसोट्यांच्या आधारे दोन पृष्ठांत लिहा.